दोन कुलपांची बंदूक

बंदूक घरात आली तेव्हा सासू हळदकुंकवाचे तबक घेऊन पुढे झाली आणि सत्यवतीने तिला हातानेच अडवले. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूपुढे हात आडवा घालण्याची तिची ही पहिलीच वेळ.

"मांय, कुंकू मागीर लावया," ती म्हणाली. "ही खंय ठेवतले, ता आधी सांगूंदेत."

तिचा नवरा जयराम गावस खांद्यावरची बंदूक उतरवीत होता. एकनळी, बाराबोर, वापरलेली पण नळीला डाग नसलेली. परवान्यासाठी त्याने पणजीला इतके खेटे घातले होते की बंदूक त्याला आता विकत घेतलेली नव्हे, कमावलेली वाटत होती.

"खंय म्हणजे? दाराआड," तो म्हणाला. "भरून ठेवची. चोर इलो, हात घातलो, झाला."

"भरून दाराआड ठेवलात तर मी ह्या घरात रवचंय नाय."

आमटीत मीठ कमी आहे हे सांगावे तशा आवाजात ती हे बोलली. धाकटा दीर सगुण सोप्यावर बसून हसला. जयराम हसला नाही. त्याने तिच्या आईला पाहिले होते.

सत्यवतीचे माहेर पेडण्याकडचे. तिथे तिच्या बापाची बंदूक रानडुकरांसाठी म्हणून बारमाही भरलेली, खुंटीला टांगलेली असे. एकदा चतुर्थीच्या तोंडावर आई लांब केरसुणीने जळमटे काढत होती. पट्टा निसटला, बंदूक जमिनीवर आपटली आणि उडाली. छरे खांद्यात शिरले. आई जगली, पण तिचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. लग्न होईपर्यंत आईचा अंबाडा सत्यवतीच बांधायची. जयराम पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा ती बाई चुलीपाशी मान खाली घालून बसली होती आणि आता घरातली सून तिचे केस ओढून ओढून बांधत होती.

म्हणून मग सुतार आला. फणसाच्या फळ्यांची लांब पेटी झाली, मधल्या घराच्या भिंतीत बोल्ट मारून बसवली. तिच्यात बंदूक ठेवायची ती रिकामी, नळी बिजागरीवर मोडून, तेलाचा हात फिरवून. काडतुसे बिस्किटांच्या जुन्या डब्यात. पावसाळ्यात ती दमट होऊन फुगतात म्हणून सत्यवती त्या डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची आणि डबा आपल्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात. पेटीचे कुलूप वेगळे, कपाटाचे वेगळे. पेटीची चावी जयरामकडे, कपाटाची सत्यवतीच्या कमरेला. एकट्याच्या हाताने ती बंदूक उडायची नाही.

बंदूक नको असे तिचे म्हणणे कधीच नव्हते. त्या साली पावसाळा सरताच डोंगराच्या पलीकडे काजूच्या बागायतीतल्या एकट्या घरावर दरोडा पडला होता. म्हातारा-म्हातारीला खांबाला बांधले, म्हाताऱ्याचे दात पाडले. गावसांचे घरही तसेच एकटे, डोंगराच्या पोटाशी. शिरगावच्या बाजूला जाणारी वाट तेवढी दारावरून. हाकेच्या अंतरावर एकच घर, खालच्या अंगाला चुलतभाऊ सखारामचे, आणि त्याच्याशी बापाच्या वेळेपासून बोलणे नाही. जयराम खाणीवर नोकरीला. दोन महिन्यांतून कधी रात्रपाळी लागायची, तेव्हा घरात म्हातारी आई, बायको आणि सगुण.

एकदा अंगणात उभे राहून जयरामने आभाळात एक बार काढला. तेवढा पुरला. गावसांकडे बंदूक आहे ही गोष्ट डिचोलीच्या बाजारापर्यंत गेली आणि चोर काही आले नाहीत. खाणीवर जयराम दोन कुलपांची गोष्ट जेवणाच्या सुट्टीत सांगायचा, आणि ती जणू आपल्यालाच सुचली असे सांगायचा. सत्यवतीला त्याचे काही वाटले नाही.

पुढच्या वर्षी झर आटू लागली.

डोंगराच्या माथ्यावर खाणीने माती ओतायला घेतली होती. ती पावसात उतरली, झरीच्या तोंडाशी बसली. पाट लाल झाला, मग बारीक झाला. वायंगणी शेती, हिवाळ्यातला भात, सगळी त्या पाटावर. वाटणीच्या दगडापाशी पाट फुटायचा, एक दिवस गावसांच्या मळ्याला, एक दिवस सखारामच्या. पाणी होते तोवर पाळी कोणी मोजली नव्हती. आता मोजू लागले. खाणीवर जाऊन मात्र कोणी काही बोलले नाही. जयराम तिथेच, सखारामचा थोरला मुलगा कृष्णनाथही तिथेच ट्रकवर. जिथून पगार येतो तिथे भांडायला कोण जाणार? भांडण पाण्याबरोबर खाली उतरले.

पौषात थंडी होती. सकाळी सगुण आणि सत्यवती पाट उपसायला जायची. गाळ बर्फासारखा गार, बोटांच्या फटींत शिरून नखांखाली लाल रेघ राहायची, ती साबणाने जात नसे. सगुण खोऱ्याने ओढायचा, ती पाटी भरून बांधावर टाकायची. कंबर सरळ करताना दोघांच्याही तोंडून एकदमच आवाज निघायचा.

"वयनी, आज पाळी आमची," सगुण म्हणाला. "पाणी बघ. करंगळीएवढा."

"वयर कोणी फोडला असतला."

"कोणी म्हणजे? नाव घी."

"नाव घेतला म्हणान पाणी वाढता? माती काढ."

त्याने खोरे जोरात मारले. ती या घरात आली तेव्हा तो एवढासा होता. शेंबूड पुसून, न्हाऊ घालून तिनेच वाढवला म्हटले तरी चालेल. आता छाती भरली होती, साळ गावात त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवली होती. पण डोके बापाचे. एकदा तापले की तापले.

माघात लावणीच्या दिवशी गावातल्या बाया आल्या. मळ्यात वाकून तरवा, भाताची रोपे, लावत होत्या, सत्यवती त्यांच्या ओळीतच. पाणी मध्येच थांबले. चिखल घट्ट व्हायला लागला, तरवा बसेना. सगुण खोरे न घेताच वर गेला. वाटणीच्या दगडापाशी कृष्णनाथ उभा होता आणि पाट सखारामच्या अंगाला वळवलेला होता.

बायांनी माना वर केल्या. फुटलेल्या जागी सगुण पाय पसरून बसला आणि पाठीने पाणी अडवले. कृष्णनाथने शेजारची गाळाची पाटी उचलली आणि सावकाश, तुळशीला पाणी घालावे तशी, त्याच्या डोक्यावर रिती केली.

एक बाई फिसकन हसली. मग तिला आवरताना दुसरी. हसू ओळीत पसरत गेले. सत्यवतीने खाली बघून तरवा चिखलात खोचला.

सगुण उठला आणि कोणाकडे न बघता घराच्या वाटेला लागला. तो शिव्या देत गेला असता तर ती कामात राहिली असती. तो गप्प गेला, म्हणून तिने हातातली तरव्याची मूठ बांधावर ठेवली आणि मागोमाग निघाली.

घरात शिरली तेव्हा पेटी उघडी होती.

जयराम त्या आठवड्यात दिवसपाळीला होता. खाणीवर चावी कुठे पडलीबिडली तर, म्हणून तो जाताना ती आईकडे देऊन जायचा. सत्यवतीला ते ठाऊक होते. तुमच्या आईवर विश्वास ठेवू नका, हे नवऱ्याला सांगायचे कसे? म्हणून ती गप्प राहिली होती.

सगुण मधल्या घरात बंदूक घेऊन उभा होता. केसांतला लाल चिखल वाळून भुवयांवर आला होता, एका कानात गोळा बसला होता. सासू पद्मावती देवघराच्या दारात चौकटीला धरून उभी होती.

"वयनी, कपाटाची चावी दी."

"आंघोळ कर आधी. पाणी तापलेला असा."

"चावी."

"कित्याक?"

"भिवडावक. मारूक नाय. भिवडावक."

"भिवडावक रिकामी पुरे."

"दी गो ती," सासू म्हणाली. "झिलाच्या डोक्यार माती ओतल्यानी, गावच्या बायलांसमोर. आता तेणे बांगड्यो भरूच्यो?"

"मांय, तो तापलो असा. तापलेल्याच्या हातात मी काडतूस दिवचंय नाय. ते घरी येवंदेत. काय ता तेंका ठरवूंदे."

"पेडण्यासून आमका शिकवूक इलंस?"

सगुणचा हात तिच्या कमरेकडे आला आणि अर्ध्यावर थांबला. भावजयीच्या कमरेला हात घालणे त्याच्याने झाले नाही. त्याने बंदूक भिंतीला टेकवली आणि आत जाऊन कपाटाला लाथ घातली. एक घातली, आणखी घातली. सागवानी दार, हलले नाही. त्याचा अंगठा मात्र फुटला. तो तसाच लंगडत बाहेर आला, बंदूक उचलली आणि मागच्या दाराने उतरला.

"सगुण," ती म्हणाली. "रिकामी घेवन जातंस. तेंच्या हातात पहारी असत."

तो गेला.

सत्यवती क्षणभर तिथेच राहिली. थोडा जाईल, वारा लागेल, परतेल, असे तिला वाटले. सासू तिच्याकडे बघत होती. मग ती पदर खोचून धावली. काजूच्या वाळक्या पानांवरून पाय घसरत होते.

वाटणीच्या दगडापाशी सखाराम दोन्ही हात वर करून पाऊल पाऊल मागे सरत होता. साठीचा माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर, ओठ पांढरे पडलेले. सगुणने नळी त्याच्या छातीवर धरली होती. बाया मळ्याच्या पार त्या टोकाला पळाल्या होत्या. आणि सगुणच्या मागून, बांधावरून, कृष्णनाथ येत होता. त्याच्या हातात पहार होती, दोन्ही हातांनी वर, डोक्याच्याही वर उचललेली. त्याचे डोळे असे होते की त्याला बंदुकीशिवाय काही दिसत नव्हते. बाप मरायच्या आत मारायचे, एवढेच.

पहार डोक्यात बसणार हे सत्यवतीला दिसले.

"मारू नको," ती किंचाळली. "रिकामी असा ती. काडतूस नाय तेच्यात. रिकामी असा."

सगळे थांबले. सखारामने हात खाली घेतले. आधी एक, मग दुसरा. सगुणने मान वळवून वहिनीकडे बघितले. ती नजर तिला पुढे कधी कोणाला सांगता आली नाही.

कृष्णनाथने पहार खाली आणली, डोक्यावर नाही. आडवी फिरवली आणि गुडघ्यावर मारली.

ओले लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. सगुण पाटात पडला. मग बंदूक हिसकून घेऊन बापलेकांनी नळी उघडून बघितली, खरेच रिकामी होती, आणि मग तर त्यांनी आणखी मारले. भ्यालेला माणूस भीती उतरल्यावर जेवढे मारतो तेवढे. सत्यवती मध्ये पडली, तिच्या पाठीवर एक लाथ बसली. शेवटी सखारामनेच मुलाला बाजूला ओढले.

सगुणला घोंगडीच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेले, तिथून खाणीच्या ट्रकने म्हापशाला. गुडघ्याची वाटी फुटली होती. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो आता वाकणार नाही असे सांगितले.

पोलिसांनी बंदूक नेली, काडतुसांचा डबाही नेला. कृष्णनाथला धरले आणि सोडले. परवाना जयरामच्या नावाचा, म्हणून एकाची बंदूक दुसऱ्याच्या हातात कशी गेली याचा जाब त्याला द्यायला लागला. नवरा-बायको दोघेही डिचोलीच्या चौकीवर दिवसभर बाकावर बसून राहिले. जयरामने आईचे नाव घेतले नाही. चावी घरी विसरली, म्हणाला.

"आणि काडतुसां कोणाकडे होती?" हवालदाराने विचारले.

"माझ्याकडे," सत्यवती म्हणाली.

"मागल्यान नाय?"

"मागल्यान. दिवक नाय मी."

हवालदार जाडा, थकलेला माणूस होता. त्याने जयरामकडे बघितले. "बायलेक हात जोड," तो म्हणाला. "हिने दिली असती तर भाव फासार आणि तू तुरुंगात. आज पायार भागला."

जयराम फरशीकडे बघत राहिला.

परतताना बस भरलेली होती. दोघे दांड्याला धरून उभे. मयेचे तळे मागे पडले. मग जयराम तोंड दुसरीकडे ठेवूनच म्हणाला, "हवालदाराक बरी आवडलंस तू."

तिने तिकिटे घडी करून कमरेला खोचली.

"आरड कित्याक मारलंस?"

"तेच्या डोक्यात पहार येत होती."

"सगुण म्हणता, ते भिवन मागे सरत होते. तू रिकामी म्हणालंस आणि फुडे इले."

सखाराम मागे सरत होता हे खरेच होते. कृष्णनाथ मागून येत होता हेही खरे होते. सगुणला पाठीला डोळे नव्हते. ती हे सांगू शकली असती. पण आपण ओरडलो नसतो तर काय झाले असते, हे तिलाही ठाऊक नव्हते. तिने दांड्यावरचा हात बदलला.

त्या वर्षी वायंगणाचा अर्धा मळा उभ्या उभ्या वाळला. खटल्याची तारीख पडत राहिली आणि पाणी दोन्ही दिवस खालच्या अंगालाच जात राहिले. साळच्या लोकांनी मुलीचे दुसरीकडे जमवले, निरोपसुद्धा पाठवला नाही. सगुण सोप्यावरच्या खाटेवर पाय सरळ करून पडलेला असे. परसात जायचे तर कोणाच्या तरी खांद्याला धरावे लागे, आणि जयराम कामावर, म्हातारी वाकलेली. खांदा सत्यवतीचाच. तो हात टेकायचा, पण अंग चोरून, आणि तिचे नाव घ्यायचा नाही. तहान लागली की भांडे वाजवायचा.

भिंतीतली पेटी सासूने रिकामी राहू दिली नाही. तिच्यात सगुणच्या मालिशीच्या तेलाच्या बाटल्या आणि जुनी पट्ट्यांची फडकी ठेवली. समाचाराला कोणी आले की बाटली काढताना ती म्हणायची, "बंदूक होती हो घरात. पण आमच्यात काडतुसां वैऱ्यांसाठी जपून ठेवतत."

लोक सत्यवतीकडे बघायचे. ती चहाचे कप गोळा करायची.

एकदाच, तांदूळ निवडताना, तिने विचारले, "मांय, पेटीची चावी तेका कोणी दिली?"

सासूने सूप खाली ठेवले नाही. "आवय म्हणान दिलंय," ती म्हणाली. "तू कोण म्हणान अडयलंस?"

सत्यवतीने तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. सत्यवतीला वाटायचे, या घरात कोणीतरी एकदा म्हणावे. आभार नकोत. नुसते एवढे, की सगुण जिवंत आहे. फासाची दोरी बघितली नाही. कोणाच्या बापाचा जीव त्याच्या माथ्यावर नाही. जयरामने तरी, एकांतात तरी. पण न घडलेल्या गोष्टीला घरात जागा नसते. मोडलेला गुडघा सोप्यावर दिसत होता. न झालेला खून कोणाला दाखवायचा?

वैशाख आला. शिरगावच्या लईराईदेवीच्या जत्रेचे दिवस जवळ आले. सखाराम दर वर्षी निखाऱ्यांवरून चालणारा धोंड व्हायचा, व्रत धरून वेगळा राहायचा. त्या दिवसांत एका दुपारी त्याची बायको शेवंती वर आली. दोन्ही घरांतले बोलणे बंद झाल्यापासून तिने या अंगणात पाऊल ठेवले नव्हते. जयरामला सुट्टी होती, तो जेवायला बसला होता. सासू त्याच्या समोर, सगुण खाटेवर ताट घेऊन. दार उघडे.

शेवंती अंगणात उन्हात उभी राहिली. सोप्याच्या पायरीवर चढली नाही. हातात सूप, सुपात नारळ, खण, तांदूळ, केळी.

"सत्यवती, भायर ये गो."

सत्यवती हातातली डाव ठेवून बाहेर आली.

"माझ्या घोवाच्या छातीर नळी होती," शेवंती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण दुपारच्या शांततेत आतपर्यंत जात होता. "तू काडतूस दिलंस असता तर आज ह्या कपाळार कुंकू नसता. माझ्या झिलान केला ता वायट केला. ता मी देवीसमोर सांगतलंय. पण तुझी वटी भरल्याशिवाय माका घास उतरणा नाय. पदर कर."

माघापासून ज्याची वाट बघितली ते कोणीतरी म्हटले होते. सत्यवतीचा हात आपोआप पदराकडे गेला, पदर हातात आला, पसरायचाच राहिला. त्याच वेळी मागे सगुणने घास चावायचे थांबवले ते तिला ऐकू आले. सासूच्या बांगड्या हलल्या नाहीत. जयरामचा हात ताटात तसाच राहिला असावा, कारण भुरका मारल्याचा आवाज पुन्हा आला नाही.

तिने पदर खोचला.

"घेवन चल आपली वटी," ती म्हणाली. आपला आवाज तिला ओळखू आला नाही. "आमच्या झिलाचो पाय मोडून नारळ घेवन येतंस? तुझो घोव जगलो ता माका ठावक नाय. तुझ्यासाठी मी काय एक करूक नाय. परत ह्या आंगणात पाय ठेवू नको."

शेवंतीने तिच्याकडे बघितले. रागाने बघितले असते तर बरे झाले असते. तिला समजले होते. तिने उघड्या दारातून आत एक नजर टाकली, सुपावर पदराचे टोक ओढले आणि काजूच्या सावल्यांतून खाली उतरू लागली. उतरणीवर तिचा तोल गेला, थोडे तांदूळ सांडले. कोंबड्या धावल्या.

सत्यवती ती वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली. मग हात धुतले आणि आत आली.

सासूने बाजूचा पाट पुढे सरकवला. "जेव गो, भात निवता," ती म्हणाली.

"वयनी," सगुण खाटेवरून म्हणाला, "पाणी दी."

तिने तांब्या नेऊन दिला. परत आली तेव्हा जयराम तिच्याकडे बघत होता, किती दिवसांनी सरळ तोंडाकडे.

"बरा केलंस," तो म्हणाला.

घरात हे शब्द ऐकायला ती माघापासून थांबली होती. तिने मान हलवली आणि त्याच्या ताटात भात वाढला.